एकोणीस आठे

आमच्या घरात शांतता पसरली की समजावं, काहीतरी बिघडलंय. ठाकुर्लीच्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या, आणि त्यातली पुढची खोली संध्याकाळी आमची नसायचीच. चाळीतली, मागच्या गल्लीतली, रेल्वे क्वार्टर्समधली पोरं सतरंजीवर दाटीवाटीने बसून पाढे म्हणायची आणि आतल्या खोलीत आई भाकऱ्या थापायची. ट्यूशनची बाई पोरांसमोर खुर्ची टाकून बसते असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझ्या आईला पाहिलेलं नाही. ती बसायचीच नाही. तिचा एक कान तव्याकडे आणि एक सतरंजीकडे. सुकटीची फोडणी चरचरतेय, स्टोव्ह घोंगावतोय, मागून मालगाडी धडधडत चाललीय, आणि एवढ्या गदारोळात भिंतीकडेचं एखादं पोर नुसतं पुटपुटत चुकलं तरी आतून विचारणा यायची, "सतरा साते किती म्हणालास रे संत्या?" संत्या गार. पीठ लागलेला हात घेऊन ती दारात येऊन उभी राहायची, मारायची नाही, नुसती बघायची. त्यापेक्षा मारलेलं परवडलं, असं संत्या आजही म्हणतो. तो आता आजोबा झालाय.

तिची पाढ्यांची पद्धत जुनी होती. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, चिपळूणकडच्या एका गावात शाळामास्तर होते आणि त्यांनी शिकवलं तसंच ती शिकवायची. एकोणीस आठे एकशे बावन्न, असं आमच्याकडे म्हणायची सोय नव्हती. एकोणीस आठे बावन्नासे. तसंच तेहेतिसासे, एकाहत्तरासे, नव्वदासे. शाळेतल्या बाईंना हे पसंत नव्हतं. त्यांनी एकदा मला उभं करून विचारलेलं, "हे कुठलं गं गावठी?" मी घरी येऊन फणकारले, की जग कुठे चाललंय आणि आपण अजून बावन्नासेच करतोय. आई भाकरी उलटत म्हणाली, "एकशे बावन्न डोक्यात ठेवावं लागतं. बावन्नासे जिभेवर राहतं. डोक्याचा काय भरवसा?" मी ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर होते. पहिल्या पाळीहून ते घरी यायचे तेव्हा पाढे ऐन रंगात असायचे. आत पाय ठेवायला जागा नसायची, म्हणून ते गॅलरीत स्टुलावर बसून चहा प्यायचे. "माझ्याच घरात मला अ‍ॅडमिशन नाही," हा त्यांचा ठरलेला विनोद. त्यावर कुणी हसत नसे, तरी ते रोज करायचे. बोलायला मुलखाचे लाजाळू. पण पोरांबरोबर त्यांचा पाय ठेक्यात हलत असायचा, आणि पोरं अडखळली की चहाचा कप तोंडाशी धरून हळूच पुढचं उत्तर सांगायचे. आईला तेही ऐकू जायचं. "अहो, तुम्ही पास झालाय," ती आतून म्हणायची, "त्यांना होऊ द्या."

माझं दहावीचं वर्ष लागलं आणि गौरी-गणपती उरकल्यावर एका सकाळी आईचा उजवा हात परातीत तसाच राहिला. तांदळाची उकड मळत होती. हात थांबला तसं तिने त्याच्याकडे वैतागून पाहिलं, काम टाळणाऱ्या माणसाकडे बघतात तसं. मग मला काहीतरी सांगायला गेली आणि तोंडातून नुसता गडबडगुंडा बाहेर पडला. शेजारच्या सावंतकाकांनी रिक्षा आणली. मी तिला धरून बसलेले आणि तिच्या बोटांवरची उकड माझ्या युनिफॉर्मला चिकटत होती. कल्याणच्या हॉस्पिटलात सांगितलं, ब्लडप्रेशर वाढून लकवा आलाय. जीव वाचला. उजवा पाय ओढत का होईना चालेल, हात कामचलाऊ होईल. "आणि बोलणं?" बाबांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "किती येईल, कधी येईल, सांगता येत नाही. समजतंय त्यांना सगळं. येईल असं धरून चाला."

समजतंय सगळं, हे त्यांनी स्पष्ट सांगितलेलं. पण आमच्या माणसांना एखादी गोष्ट पटायला डॉक्टर पुरत नाही. आई घरी आली आणि शहाडहून आत्या आली. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. ते तिला अक्का म्हणायचे आणि तिच्यापुढे त्यांची जीभ आणखीच आत जायची. आत्या राबायची मात्र बैलासारखी, हे आधी सांगते, नाहीतर पाप लागेल. आईला अंघोळ घालणं, पाठ चोळणं, पातळ पेज करून भरवणं, कुळथाची पिठी, लसणीची चटणी बाबांच्या डब्यात, सगळं तिने अंगावर घेतलं. पण आई बोलत नाही म्हणजे तिला ऐकूही येत नसणार, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं. ती आईच्या कानाशी वाकून ओरडायची, "वयनी! वायच पेज घे गो!" शेजारच्या सावंतकाकी दचकून दार उघडायच्या. आई डोळे मिटून घ्यायची. मी म्हणायचे, "आत्या, तिला ऐकू येतं." आत्या म्हणायची, "येतंय ना? मग माझ्या ओरडण्यानेच येतंय."

आणि दुसरीकडे, आत्याचा आवाज सोडून बाकी सगळे आवाज बंद झाले. डोक्याचं दुखणं आहे, डोक्याला त्रास नको, असं तिने जाहीर केलं आणि अख्ख्या चाळीने ते मनावर घेतलं. पोरांना दुसऱ्या ट्यूशनला घातलं. सतरंजी गुंडाळून माळ्यावर गेली. सावंतांनी रेडिओ बारीक केला. गॅलरीत धावणाऱ्या पोरांना आया दबक्या आवाजात धपाटे घालायच्या. दिवाळीत आमच्या मजल्यावर एक लवंगी फुटली नाही. किती माया होती त्यात! आज ती आठवली की त्या सगळ्यांना पोटाशी धरावंसं वाटतं आणि रागही येतो. ज्या बाईने आयुष्यभर गोंगाटात स्वयंपाक केला, तिला आम्ही सगळ्यांनी मिळून मुक्या खोलीत कोंडून ठेवलं होतं.

आई भिंतीकडे तोंड करून पडू लागली. मी शाळेतून येऊन तिच्याजवळ बसायचे, दिवसभरातलं सांगायचे. सुरुवातीला ती ओठ हलवायची, धडपडायची. एखादा आवाज निघायचा, तो तिचा तिलाच आवडायचा नाही, आणि मग ती डाव्या हाताने तोंड झाकून घ्यायची. पुढे पुढे तेही सोडलं. तिला काही म्हणायचं असलं की घरातला प्रत्येक जण तिच्याऐवजी ते म्हणून टाकायचा. पाणी हवंय? उशी सरकवू? बाहेर बसायचंय? ती मान हलवायची, कधी हो, कधी नाही, कधी नुसतीच. माझी आई कुणाच्याही हो ला हो म्हणणारी नव्हती. मला भीती वाटायची ती तिच्या हाताची नाही, पायाची नाही, या नुसत्याच हललेल्या मानेची.

दिवाळी संपली तशी आत्याने विषय काढला. तिलाही तिचं घर होतं, किती दिवस अडकून राहणार? तिने तोडगा काढला तो असा, की आईला गावी पोचवायचं. तिथे काका-काकू आहेत, मोठं अंगण आहे, हवा चांगली आहे. मी आत्याकडे शहाडला राहून दहावी करायची. बाबा इथे एकटे राहतील, खानावळीत जेवतील. "आणि ट्यूशनचं काय?" मी विचारलं. आत्याने माझ्याकडे असं पाहिलं, की पोरगी वेडी झाली की काय. "बाय माझे," ती म्हणाली, "जिला पाणी मागता येत नाय ती ट्यूशन काय घेणार?" हे सगळं बोलणं आईच्या कॉटशेजारी, जेवता जेवता चाललेलं. बाबा भात कालवत होते. कालवतच होते. आईला कुणी विचारलं नाही. उत्तर येणार नाही म्हणून विचारायचंच नाही, अशी आमची अक्कल.

गावी गेलेलं माणूस परत येत नाही, असं नाही. पण आई तिथे गेली असती तर अंगणात एका खुर्चीवर बसून राहिली असती, आल्यागेल्याने "कसं वाटतंय?" असं ओरडून विचारलं असतं आणि तिने मान हलवली असती. तेव्हा मला एवढं नीट मांडता येत नव्हतं. मी फक्त बॅगेत भरलेले तिचे कपडे आत्याची पाठ वळली की काढून पुन्हा कपाटात ठेवायचे. आत्या ते पुन्हा भरायची. एसटीची तिकिटं आलेली, दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं.

त्या संध्याकाळी खालच्या मजल्यावरची सुलू वर आली. चौथीतली, दोन वेण्यांची, गणिताच्या नावाने बोंब. दुसऱ्या दिवशी तिच्या शाळेत पाढ्यांची तोंडी परीक्षा होती आणि नव्या ट्यूशनमध्ये तिची डाळ शिजत नव्हती. "नंदाताई, एकोणीसचा घे ना गं," ती दारात कुजबुजली. मी तिला उंबऱ्याशीच बसवलं. "हळू म्हण हां," असं बजावून कांदा चिरायला घेतला. आत्या आत पिठी ढवळत होती, बाबा गॅलरीत त्यांच्या स्टुलावर. सुलूने सुरुवात केली. एकोणीस एके एकोणीस, एकोणीस दुणे अडतीस. कुजबुजत म्हटलेला पाढा ही किती केविलवाणी गोष्ट असते! पण तिला लय सापडली आणि लहान पोरांचं होतं तसं झालं, आवाज आपोआप चढत गेला. एकोणीस सक चौदोदरसे. एकोणीस साते तेहेतिसासे. एकोणीस आठे बेचाळासे.

"बावन्नासे."

मी कांदा चिरत होते. मला आधी वाटलं बाबांनी सांगितलं, नेहमीसारखं. पण आवाज गॅलरीतून आला नव्हता. सुलू माझ्या पाठीमागे कॉटकडे बघत होती, आणि तिचा चेहरा संत्याच्या चेहऱ्यासारखा झालेला. मी वळले. आई कुशीवरून उताणी झाली होती आणि मान उचलून सुलूकडे बघत होती. नुसती बघत होती, पूर्वीसारखी. मी म्हटलं, "सुले, परत म्हण." सुलूची पार गाळण उडालेली. "एकोणीस आठे," ती म्हणाली, आणि पुन्हा, "बेचाळासे." आईने डावा हात कॉटच्या लोखंडी पट्टीवर आपटला. "बावन्नासे!" ती म्हणाली, आणि न थांबता पुढे गेली, "एकोणीस नव्वे एकाहत्तरासे, एकोणीस दाहे नव्वदासे." जरा जड, जरा ओघळलेलं, पण स्वच्छ. बाबा दारात येऊन उभे होते. त्यांच्या हातातल्या कपातला चहा लेंग्यावर सांडत होता आणि त्यांना पत्ता नव्हता. सुलू रडायला लागली. तिला वाटलं, तिच्या चुकण्याने काकी जास्त आजारी झाल्या.

मग आम्ही सगळे कॉटभोवती जमलो आणि बावळटासारखे वागलो. आई, पाणी म्हण. माझं नाव सांग. हे कोण, सांग बरं. आईने तोंड उघडलं. पाणी आलं नाही, नंदा आलं नाही. आलं ते "बावन्नासे." तिलाही कळलं की हा तो शब्द नव्हे. तिने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा बावन्नासे. आत्या पदर तोंडाला लावून म्हणाली, "भ्रमिष्ट झाली गो." पण मी आईकडे बघत होते, आणि आईने तोंड झाकलं नव्हतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

सकाळी बॅग दाराशी होती. आत्याने आईला लुगडं नेसवलं, केस विंचरले, आणि कानाशी वाकून ओरडली, "वयनी, गावाक जायचा ना?" आई म्हणाली, "बावन्नासे." आत्या माझ्याकडे बघून म्हणाली, "बघ, हो म्हणते." आईने डाव्या हाताने आत्याचा हात बाजूला केला, पाय ओढत दोन पावलं गेली आणि बॅगेवर बसली. बॅगेवर बसून, बाबांकडे बघत, एकेक अक्षर दाबून म्हणाली, "बा-वन्ना-से."

"अक्का," बाबा म्हणाले, "ती नाही म्हणतेय."

"तुला काय ठाऊक ती काय म्हणते?"

"एवढी वर्षं ऐकतोय," बाबा म्हणाले. "तिचं नाही मला कळतं. बॅग राहू दे. सतरंजी काढ गं नंदा माळ्यावरची."

अक्कापुढे बाबांनी एवढं लांब वाक्य त्याआधी कधी उच्चारलं नव्हतं. आत्या रागावली, "उद्या माझ्या नावाने रडू नका" म्हणाली, आणि त्याच दिवशी शहाडला निघून गेली. पण पुढच्याच रविवारी सुक्या बांगड्यांची पुडी घेऊन हजर झाली आणि आल्या आल्या ओरडली, "वयनी, कशी आहेस?" आई म्हणाली, "बावन्नासे." आत्या विचार करून म्हणाली, "बरी दिसतेस."

पोरं परत आली. सगळी नाही, पण आली. मी सतरंजीसमोर बसून घ्यायचे आणि आई कॉटवरून ऐकायची. चुकलं की पट्टीवर हात आपटायची. पाढा सुरू झाला की तीही त्यात शिरायची आणि पाढ्याच्या आत असेपर्यंत तिची जीभ अडखळत नसे. पाढा संपला की पुन्हा बावन्नासे. यावर युक्ती काढली ती बाबांनी, आमच्या घरातल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्या माणसाने. एका सकाळी चहाचा कप तिच्यापुढे धरून ते लाजत लाजत म्हणाले, "चहा एके चहा." आईने त्यांच्याकडे पाहिलं. "चहा दुणे..." बाबा म्हणाले आणि थांबले. चहावर साय धरली. आणि आई म्हणाली, "...चहा." म्हणाली, आणि हसायला लागली, एका बाजूने वाकडं, आणि बाबाही हसायला लागले. पुढे अख्खा हिवाळा आमच्या घरात हेच. उशी एके उशी. दार एके दार. शेजारचे सावंतकाका गॅलरीतून विचारायचे, "आज कुठला पाढा, वहिनी?" भाकरी आता बाबा थापायचे. ती भाकरी नव्हती, नकाशा होता. भाजीला कधी मीठच नाही. ठेक्याशिवाय, कुणी न विचारता, आपणहून आलेला आईचा पहिला शब्द कुठला असेल, तर "मीठ". तोसुद्धा चिडून.

दहावीचा अभ्यास मी त्या गोंगाटात केला. लोक म्हणायचे, पोरीचं वर्ष वाया जाणार. मला उलट वाटतं. मी आयुष्यात इतका निर्धास्त अभ्यास पुन्हा कधी केला नाही, कारण घरात आवाज होता. एकच सल होता. एकेक करून सगळ्यांची नावं आली. बाबांना "अहो" आलं, अक्का आलं, सुलू आलं, संत्यासुद्धा आला. नंदा येईना. मी बावन्नासेच. तिला माझ्याकडून काही हवं असलं की बावन्नासे, मी उशिरा आले की बावन्नासे, कुरवाळायचं असलं तरी बावन्नासे. मी सावंतकाकींकडे जाऊन रडले. त्या म्हणाल्या, "अगं, सगळ्यात आधी सापडलेला शब्द तिने तुला देऊन टाकलाय. तू आणि काय मागतेस?" तेव्हा मला ती नुसती समजूत वाटली.

पेपरच्या पहिल्या दिवशी सकाळी आई दारापर्यंत आली. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. बाबांनी माझ्या हातावर दही ठेवलं. मी चपला घातल्या, दोन पायऱ्या उतरले, आणि वरून, मोठ्याने, पूर्वी संत्याला हाक मारायची त्याच सुरात तिने हाक मारली, "नंदा." मी वळले. तिला पुढे काही म्हणायचं होतं, ते आलं नाही. काही बिघडलं नाही. मी तशीच रडत रडत परीक्षेला गेले आणि पहिला पेपर गणिताचा नसून मराठीचा असला तरी मला बरा गेला.

आज ती चाळ नाही, तिथे टॉवर आहे. बाबा नाहीत, आत्याही नाही. आई पुढे कित्येक वर्षं पाढे घेत राहिली, बोलणं ऐंशी टक्के परतलं असं डॉक्टर म्हणायचे, आणि राग आला की उरलेले वीस टक्के बावन्नासेवर भागायचे. आता ती डोंबिवलीत माझ्याकडे असते. वय झालंय, आणि गेल्या वर्षापासून नावं पुन्हा निसटायला लागलीत. या वेळी लकवा नाही, नुसतं म्हातारपण. परवा दुपारी मी तिच्याजवळ बसले तर ती माझ्याकडे बघत राहिली. सभ्यपणे, पाहुण्याकडे बघतात तशी. "मी कोण, सांग बरं?" मी विचारलं. मुलगी म्हणाली, "आई, आजीला विचारू नकोस, तिला त्रास होतो. शांत राहू दे." शांत? मी उठले, टीव्हीचा आवाज वाढवला, स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला, फोडणीत मोहरी टाकली. आणि तिथूनच, घसा खाकरून, मोठ्याने सुरुवात केली. एकोणीस एके एकोणीस. एकोणीस दुणे अडतीस. मी चढत गेले, सक, साते, आणि मग मुद्दाम म्हटलं, "एकोणीस आठे बेचाळासे."

कुकरची शिट्टी झाली. तिच्याही वर चढून बाहेरच्या खोलीतून आवाज आला, खणखणीत.

"बावन्नासे. नंदा, लक्ष कुठे आहे तुझं?"